वाटीभर तांदळजा

आई लोकांना सांगते, "माझी मुलगी उंदरांच्या शेपट्या कापते."

लग्नाचा हॉल असो, बडोद्याला हरणीच्या आमच्या सोसायटीतला गरबा असो, दवाखान्यातला बाक असो, मुलगी काय करते असं कुणी विचारलं की आईचं उत्तर ठरलेलं. समोरचा दचकला की तिला भारी मजा वाटते. मग मी दातओठ खात खुलासा करायचा की मी औषध कंपनीच्या संशोधन केंद्रात आहे, पायाच्या शिरांमध्ये रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून देतात ती औषधं जास्त सुरक्षित कशी करता येतील ते बघते, आणि शेपटी कापत नाही, टोकाचा अगदी बारीक तुकडा, तोही उंदराला भूल देऊन. "तेच ते," आई म्हणते. "कापतेच ना?"

पूर्वी मला याचा राग यायचा. हल्ली राग येतो तो माझा मलाच, आणि कारण गेल्या श्रावणात घडलं.

आधी कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. रक्त गोठू न देणारं औषध शोधणं तसं फार अवघड नाही. अवघड हे, की त्या औषधाने शिरेतली नको ती गाठ थांबावी, पण भाजी चिरताना बोट कापलं तर तिथलं रक्त मात्र वेळच्या वेळी थांबावं. औषधाला हा फरक कळत नाही. गाठ अडवायला जावं तर जखम वाहत राहते. म्हणून आम्ही उंदराला औषध देतो, शेपटीच्या टोकाला जखम करतो आणि टिपकागद हातात घेऊन बसतो. थोड्या थोड्या वेळाने कागद रक्ताला नुसता टेकवायचा. डाग लहान होत जातात, आणि एका क्षणी कागद कोरा निघतो. रक्त थांबलं. नव्या औषधाचा कागद किती लवकर कोरा निघतो, यावर सगळं ठरतं. रक्त कधी थांबतं हे बघण्यातच माझी सगळी नोकरी चाललीय म्हणा ना.

एकदा हे सगळं मी आईला समजावत होते, तेव्हा ती दुधाला विरजण लावत होती. म्हणाली, "म्हणजे दूध विरजायला नको, पण वर साय धरली पाहिजे. असंच ना?" मी म्हटलं, अगदी असंच. "मग कठीण आहे बाई तुझं," ती म्हणाली आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.

तिला या विषयात गोडी वाटायचं कारण तिच्या स्वतःच्या पायात होतं. बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये होते, तिथल्याच क्वार्टरमध्ये आम्ही वाढलो. आईच्या डाव्या पोटरीत पहिली गाठ झाली तेव्हा बाबा होते. दुसरी झाली ती बाबा गेल्यावर, आणि तिचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकला. वाचली ती नशिबाने. तेव्हापासून ती माझ्याकडे राहते आणि रक्त पातळ ठेवायची गोळी तिला जन्माची लागली. आता नवी, कमी कटकटीची औषधं निघालीत, पण तिच्या किडन्या नाजूक, म्हणून डॉक्टरांनी तिला जुन्याच गोळीवर ठेवलं. ही जुनी गोळी उंदीर मारायच्या औषधाच्या घराण्यातली. हे मी एकदा तिच्यासमोर बोलून बसले आणि तिला नवीन वाक्य मिळालं. "काय उलटं राज्य आहे बघा. उंदरांचं विष मला देतात, आणि माणसांचं औषध ही उंदरांना देते!"

या गोळीचं आणि हिरव्या पालेभाजीचं जुनं वैर. पालेभाजीतलं 'के' जीवनसत्त्व रक्त गोठायला मदत करतं, आणि गोळी नेमकी त्याच्याच वाटेत आडवी येते. भाजी अचानक वाढली की गोळी लंगडी पडते आणि गाठ होते. भाजी अचानक बंद झाली की गोळी माजते आणि रक्त वाहत सुटतं. पुष्कळ लोकांना वाटतं की पालेभाजी बंदच करावी. तसं नाही. रोज सारखी खायची, कमी नाही की जास्त नाही, आणि त्या हिशेबाने गोळी ठरवायची. मी आमच्या घरात कायदाच केला: आईने रोज दुपारी वाटीभर पालेभाजी खायची. तांदळजा, मेथी, पालक, जी असेल ती. शिवाय दर महिन्याला रक्त तपासायचं. ती नेमाने करायची सगळं. सोसायटीच्या गेटवर भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, येते, तरी ती रिक्षा करून खंडेराव मार्केटला जायची. हरणीची भाजी झोपलेली असते म्हणे.

गेल्या आषाढात मात्र माझं घरात लक्ष नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकते. आमचा एक रेणू, म्हणजे होऊ घातलेलं नवं औषध, खूप पुढे गेला होता. शिरेतली गाठ तो सुरेख अडवत होता, आणि शेपटीचा कागद जवळजवळ औषध न दिलेल्या उंदराइतकाच लवकर कोरा निघत होता. इतक्या वर्षांत असं पाहिलं नव्हतं. आम्ही सगळे हवेत होतो. माणसांवर चाचणी करायची परवानगी मागण्याआधी, जनावरांना तो दीर्घकाळ देऊन बाकीचे अवयव ठीक राहतात ना, एवढंच बघायचं उरलं होतं. मी घरी येऊन जेवताना तेच बोलायची. नवरा रिफायनरीत आहे, त्याला रसायनं कळतात, पण तोही वैतागला. "अगं, निदान आमटी तरी रेणूशिवाय वाढ," म्हणायचा. आई मात्र सगळं ऐकायची. "म्हणजे हे आलं की माझ्यासारखीला भाजीचं वजन करायला नको?" तिने एकदा विचारलं. मी म्हटलं, "भाजीचं नाही, रक्त तपासायचं नाही, आणि दात घासताना घाबरायचंही नाही." तिने मान हलवली. मी तेवढ्यावरच उठले.

आषाढी एकादशीला चातुर्मास लागला. आई दर चातुर्मासात काहीतरी सोडते. एक वर्ष वांगी, एक वर्ष कांदा-लसूण, एकदा तर खुर्चीवर बसणं सोडलं होतं आणि चार महिने पाहुण्यांसमोर फरशीवर बसून राहिली. मी चेष्टा करायची. या वेळीही पर्स खांद्याला अडकवता अडकवता विचारलं, "यंदा काय सोडलंय मातोश्रींनी?"

"सोडलंय काहीतरी."

"चहा?"

"सांगायचं नसतं. जा तू, उशीर होतोय ने तुला."

मी गेले. चहा नाहीतर साखर सोडली असणार, असं मनाशी धरलं. गोळी, किडनी, गाठ या सगळ्याचं ज्ञान डोक्यात घेऊन मी दुसरा प्रश्न विचारला नाही. श्रावणात पालेभाजी वर्ज्य, हे लहानपणापासून आमच्या घरात ऐकलेलं. बाकी कुणाच्या घरी नसेल आठवलं, मला आठवायला नको होतं?

आणि माझ्या डब्यात रोज भाजी येत होती! तांदळजाची लसूण घालून परतलेली, मेथीची पातळ, पालकाची ताकातली. फ्रिजमध्ये निवडलेली जुडी दिसायची. ओट्यावर देठं दिसायची. घरात पालेभाजी शिजते म्हणजे आईच्या पोटात जाते, इतकं सरळ गणित मी मांडलं. कुणी प्रयोगशाळेत असं गणित मांडलं तर त्याला मी दारातून परत पाठवेन. उंदराच्या पिंजऱ्यात दाणे टाकले म्हणजे त्याने खाल्ले असं आम्ही कधी धरत नाही, उरलेले दाणे उचलून वजन करतो. आईच्या पानात मी डोकावलेदेखील नाही. दुपारी मी कामावर, नवरा कामावर, ती एकटी जेवायची. रात्री ती दूधभात खाऊन लवकर निजते.

महिन्याची रक्ताची तपासणी आली तेव्हा आमच्याकडे बाहेरून पाहणीला माणसं येणार होती. मी म्हटलं, "आई, पुढच्या आठवड्यात जाऊ." पुढच्या आठवड्यात दुसरंच काही निघालं. आई म्हणाली, "अगं, घाई नाही. मी ठणठणीत आहे." मला तेच ऐकायचं होतं. रिक्षाने ती एकटी खंडेराव मार्केटला जाते, पण रक्त द्यायला एकटी जात नाही. सुईची भीती वाटते तिला. मी हात धरला तर भीती वाटत नाही, असं तिचं म्हणणं.

मग एक दिवस तिच्या दंडावर डाग दिसला. निळा-काळा, पुरीएवढा. "हे काय?" म्हटलं तर म्हणाली, "हिंचक्याची कडी लागली." आमच्या बैठकीत पाटाचा झोपाळा आहे, बडोद्यात प्रत्येक घरी असतो तसा, आणि ती दुपारभर त्यावर बसून पोथी वाचते. मी काय करावं? "जपून बसत जा ना जरा!" म्हणून तिच्यावर खेकसले आणि मोबाइल बघत आत गेले. दिवसभर दुसऱ्यांचे रक्ताचे डाग मोजणारी बाई मी, आणि आईच्या हातावरचा डाग मला झोपाळ्याच्या खाती टाकता आला.

त्याच आठवड्यात शुक्रवारी आमचा रेणू मेला.

मेला म्हणजे जनावरांच्या यकृताचे रिपोर्ट आले. ज्यांना तो दीर्घकाळ दिला होता त्यांच्या यकृतांवर सूज. थोड्याथोडक्यांच्या नाही, सरसकट. रक्ताला सुरक्षित, यकृताला नाही. साहेबांनी सगळ्यांना बोलावून दोन वाक्यांत सांगितलं की हे इथेच थांबवायचं.   घरी आले, डोकं दुखतंय म्हणून आडवी झाले. नवऱ्यालाही सांगितलं नाही. आई दाराशी येऊन बघून गेली. शनिवारीही मी फुगूनच बसले होते. वाटलं, माझ्याएवढं नुकसान जगात कुणाचं झालं नसेल.

रविवारी सकाळी आईने न्हाणीघरातून हाक मारली. नेहमीची हाक नव्हती. मी गेले तर ती बेसिनला धरून उभी, आणि नाकातून रक्त. बेसिनमध्ये रक्त, पदरावर रक्त. म्हणाली, "काही नाही गं, उष्णता झालीय. सकाळपासून थांबत नाहीये." सकाळपासून!

मी तिला स्टुलावर बसवलं, मान पुढे झुकवली, नाक चिमटीत धरलं. नवरा गाडी काढायला धावला. चिमूट जरा सैल केली की रक्त पुन्हा. मी कागदी रुमाल घेतला आणि टेकवला. पुसला नाही, टेकवला. डाग बघितला. थोडं थांबून पुन्हा टेकवला, आणि माझी नजर मनगटावरच्या घड्याळाकडे गेली. आईच्या नाकातून रक्त वाहतंय आणि मी टिपकागद धरून वेळ बघतेय! तेव्हा कुठे लक्षात आलं मी काय करतेय ते. असं वाटलं की स्वतःच्या फाडकन थोबाडीत द्यावी. कागद काही कोरा निघत नव्हता.

दवाखान्यात नाकात बोळे भरले, रक्त तपासलं. आकडा बघून डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. हे डॉक्टर आईला वर्षानुवर्षं ओळखतात, गुजराती आहेत, तिला 'बा' म्हणतात. माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, रक्त फार पातळ झालंय. नाकातूनच आलं हे नशीब समजा, डोक्यात झालं असतं तर? नवीन गोळी कुठली चालू केली? खाण्यात काही बदल?"

"अजिबात नाही," मी ठासून म्हणाले. "मी याच विषयात काम करते, डॉक्टर. रोज वाटीभर पालेभाजी. घरात माझं लक्ष असतं."

आई छताकडे बघत होती. नाकात बोळे, त्यामुळे आवाज गेंगाणा आला. "मी नाही खाल्लेली," ती म्हणाली. "आषाढीपासून."

मला समजेचना. "अगं, मग डब्यात..."

"डबा तुझा होता. तू कशाला सोडायची? व्रत माझं."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर कागदावर नेली. भला माणूस. रागावला असता तर बरं झालं असतं.

गोळी बंद केली आणि शिरेतून इंजेक्शन लावलं. आईने विचारलं हे कसलं. मी म्हटलं, "के जीवनसत्त्व. रक्त गोठायला लागेल आता."

"भाजीत असतं तेच?"

"तेच."

ती नळीतून उतरणाऱ्या थेंबांकडे बघत राहिली. मग तिचे डोळे भरून आले. एवढं रक्त गेलं तेव्हा रडली नव्हती. "म्हणजे मोडलंच की गं व्रत," म्हणाली.

"मोडू दे! मेली असतीस! काय मिळणार होतं तुला पालेभाजी सोडून?" मी ओरडले. नर्स बघायला लागली.

"मला काय मिळायचंय? तुझं औषध होऊ दे म्हणून सोडली होती," ती म्हणाली. "एवढी मरमर मरतेस. म्हटलं, मला सगळ्यात आवडते तीच सोडावी."

मी पलंगाची दांडी धरून उभी राहिले. माझं औषध शुक्रवारीच संपलं होतं. तिला सांगितलं नव्हतं, कारण मी फुगले होते. सांगितलं असतं तर ती त्याच दिवशी भाजी खायला लागली असती का? लागली असती तरी एका दिवसात रक्त काही घट्ट झालं नसतं, मला हे शास्त्र नीट कळतं. पण त्या वेळी शास्त्र माझ्या काही उपयोगाचं नव्हतं. तोंड उघडायला गेले आणि तिचा चेहरा बघितला. आता सांगितलं की औषध बंद पडलं, तर ती काय समजेल? व्रत मोडलं म्हणून पडलं. माझ्यामुळे पडलं. म्हणून गप्प बसले. ती एक चूक झाली होती, त्यावर ही दुसरी.

खरं संकट घरी आल्यावर सुरू झालं. गोळी पुन्हा चालू करायची, नाहीतर पायात गाठ. आणि गोळी चालू म्हणजे वाटीभर भाजी चालू. आई हटून बसली. "इंजेक्शन मी मागितलं नव्हतं, त्याचं पाप मला नाही. तोंडाने मी कार्तिकीपर्यंत खाणार नाही." वर डॉक्टरांनाच फोनवर अक्कल शिकवली: "गोळीच कमी करा ने, मग भाजीची गरजच नाही." डॉक्टर म्हणाले, "करीन बा, पण कार्तिकात तुम्ही परत भाजीवर तुटून पडाल आणि पुन्हा गाठ होईल. दर थोड्या दिवसांनी सुई टोचून घ्यायची तयारी आहे?" सुईचं नाव ऐकून ती जरा नरमली, पण नुसती नरमली. वाढलेली वाटी तशीच परत येत होती. मी रागावले, विनवलं, आदळआपट केली. नवऱ्याने हात जोडले. ढिम्म हलेना. मी तर हात टेकले. गोळी घ्यायची आणि भाजी टाळायची, म्हणजे पुन्हा तेच रक्त, आणि पुढच्या वेळी कुठून येईल कुणाला ठाऊक.

शेवटी तिसरं कुणी नाही, तीच म्हणाली. झोपाळ्यावर बसली होती, माझ्याकडे न बघता. "घरातल्या कुणी पुढे चालवलं तर व्रत मोडत नाही. तुझे बाबा आजारी पडले तेव्हा त्यांचं एकभुक्त मी चालवलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे तू सोड पालेभाजी. मी खाते." मग माझ्याकडे बघून: "पण मनापासून सोडायची हं. औषधासाठी. नुसतं माझं तोंड बंद करायला नाही."

मी देव मानत नाही. देव्हाऱ्यासमोर मी शेवटची कधी उभी राहिले आठवत नाही. त्या संध्याकाळी तिने माझ्या हातावर पळीभर पाणी घातलं, आणि जे औषध बंद पडलंय हे मला पक्कं माहीत होतं, त्या औषधाला यश येऊ दे म्हणून मी पालेभाजी सोडली. आई डोळे मिटून पुटपुटत होती. मी तिच्या दंडाकडे बघत होते. डाग आता हिरवट झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यात बटाटा, भेंडी, दुधी. मी दुपारी घरी जेवायला यायला लागले, होईल तितक्यांदा. साहेबांनी काही विचारलं नाही. रेणू मेल्यावर कुणाला घाई नव्हती. आई समोर बसून तांदळजा खायची आणि माझ्याकडे बघून चुकचुकायची. "किती छान झालीय. तुला देता येत नाही." मधूनच विचारायची, "कसं आहे गं तुझं औषध?"

"चाललंय," मी म्हणायची.

"बघ हं. मी सांगितलं नव्हतं?"

 खोटं बोलायची सवय नाही अशातला भाग नाही, संसारात बोलतोच आपण. पण हे खोटं ती रोज भाजीबरोबर खात होती आणि तिचा रिपोर्ट सुधारत होता. दर आठवड्याला मी तिचा हात धरून बसायची, सुई आत जाताना ती माझी बोटं आवळायची, आणि आकडा बरोबर यायचा. मला हायसं वाटायचं आणि लगेच लाज वाटायची. नवऱ्याला मी मधल्या काळात सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "कार्तिकीनंतर सांगून टाक. फार ताणू नकोस." चेष्टेखोर माणूस, पण त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही.

कार्तिकी एकादशी झाली. द्वादशीला सकाळीच आई खंडेराव मार्केटला गेली, मीही बरोबर गेले. तिने तांदळजाच्या जुड्या उलटसुलट करून, "आटला बधा? एवढे पैसे?" म्हणत भाव पाडून घेतल्या. घरी येऊन स्वतः निवडली, लसूण ठेचला. दोन पानं मांडली. माझ्या पानात भाजी वाढायला डाव उचलला आणि तसाच धरून म्हणाली, "आता सांग. झालं औषध? व्रत तर पुरं झालं."

मी सगळं वाक्य तयार केलं होतं, नीट, हळूच सांगायचं. एक शब्द आठवेल तर शपथ. "बंद पडलं, आई," मी म्हणाले. "केव्हाच."

डाव तसाच हातात. "माझ्यामुळे? ते इंजेक्शन..."

"नाही. त्याच्या आधी. तुला दवाखान्यात नेलं त्याच्या आधीच्या शुक्रवारी."

तिने मनात काहीतरी जुळवलं. "म्हणजे मी नीट पाळत होते, तेव्हाच."

"हो."

तिचा चेहरा बघवेना. तिचं तिच्या देवाशी असलेलं नातंच मी जाणूनबुजून तोडलं, असं वाटलं. इतके महिने तिला फसवलं, आणि आता खरं सांगून आणखी वाईट केलं. माझं रडू मला आवरेना, पानासमोर बसून भोकाड पसरलं म्हणायला हरकत नाही. आईने डाव भांड्यात ठेवला. मला वाटलं उठून जाईल.

"थांब जरा," ती म्हणाली. "तुला माहीत होतं औषध पडलंय. मग तू कशासाठी सोडली होतीस भाजी? इतके दिवस?"

"तू खावीस म्हणून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग डाव पुन्हा उचलला आणि माझ्या पानात भाजी वाढली, चांगली वाटीभर.

"मग तुझं फळलं की गं," ती म्हणाली. "जेव आता."